पापणीची घडी

वरच्या मजल्यावरच्या कोरियन पोरीला बघायचं कसं ते तिच्या आईनं शिकवलेलं नाही, एवढीच मुनिराबीची तक्रार होती. बाकी पोर वाईट नव्हती. दारात चपला जोडीनं काढायची, आत येताना कंबरेतून वाकायची, ताटात वाढलेलं निमूट खायची. जवळ्याची चटणी तर भाकरीबरोबर अशी चाटूनपुसून खायची की मुनिराबीला वाटावं, हिचा जन्मच चुकून तिकडं झाला. पण खाता खाता मान वर करायची आणि मुनिराबीच्या तोंडाकडं बघत बसायची. तोंडाकडं म्हणजे थेट डोळ्यांकडं. म्हाताऱ्या माणसाकडं असं टक लावून बघतात? बाजारात म्हैस घ्यायला आलेला माणूससुद्धा आधी दात बघतो, मग शेपूट बघतो, नजर जरा इकडंतिकडं फिरवतो. हिची आपली डोळ्यांवरून हलायची नाही. "माहीन, तुझ्या मैतरणीला सांग गो, माझ्या तोंडावर काय सिनेमा लागलेला नाय," असं ती नातीला दोनदा बोलली होती. माहीननं नेहमीसारखं इंग्रजीत उडवून लावलं होतं. "शी लाइक्स यू, दादी." आवडते म्हणे. आवडलेल्या माणसाला कोणी असं चाचपतं?

मग खवल्यांची भानगड सुरू झाली. बाथरूमच्या बेसिनच्या कडेला एक दिवस तिला माशाचं खवलं चिकटलेलं मिळालं. नखाएवढं, आरपार दिसणारं, चंद्रकोरीसारखं वाकलेलं. मुनिराबीचा जन्म रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, सगळी हयात माशात गेलेली. खवलं बघून मासा कुठला, किती दिसांचा, हे ती डोळे झाकून सांगायची. हे मात्र तिला लागेना. इथं आखातात मिळणाऱ्या हमूरचं म्हणावं तर फार पातळ, आणि बोटाला डिंकासारखं चिकटत होतं. तिनं सुनेला हाक मारली. "नूरी, तोंड धुवायच्या बेसिनात मासा साफ केलास? लाज नाय वाटली?" नूरी दवाखान्यातल्या रिसेप्शनवरून दमून आलेली. ती म्हणाली, "अम्मी, आठ दिवसांत आपल्याकडं मासा शिजलाय का?" शिजला नव्हता. तीन दिवसांनी आणखी दोन खवली मिळाली. ती मुनिराबीनं कागदात पुडी बांधून ठेवली, कारण आळ घ्यायचा तर पुरावा हातात हवा. आणि सोमवारी दुपारी हेरिम, म्हणजे तीच कोरियन पोर, शाळेतून माहीनबरोबर आली, जेवायला बसली, आणि तिच्या डाव्या पापणीवरून तसलंच खवलं सुटून लोंबायला लागलं. मुनिराबीच्या हातातला घास ताटात पडला. पोरीचं कातडं गळतंय असंच तिला वाटलं. हेरिमनं झटकन पंजा डोळ्यावर ठेवला, पण दिसायचं ते दिसून गेलं होतं. एक डोळा मोठा, घडी पडलेला. दुसरा सपाट, बारीक. एका तोंडावर दोन बायकांचे डोळे.

माहीननं मग सगळं सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. ती चिकटपट्टी असते. पापणीवर लावली की पापणीला घडी पडते, डोळा मोठा दिसतो. हेरिमच्या देशात शाळेतल्या मुली कंपासपेटीत पट्टी ठेवतात, मधल्या सुट्टीत एकमेकींना लावून देतात. फोटो काढताना कॅमेरा वरून धरायचा, म्हणजे हनुवटी लहान येते. वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत शिरायचं, म्हणजे तोंड मुठीएवढं दिसतं. तोंड मुठीएवढंच पाहिजे. हेरिमच्या मामेबहिणी तिला तिकडून फोटो पाठवतात, हिला रात्री झोप लागत नाही. आता तिच्या बापाचं इथलं, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतलं काम संपत आलं. ऑगस्टमध्ये ती सोलच्या शाळेत जाणार. चौदा वर्षांची पोर, नव्या वर्गात, पन्नास जणी वळून बघणार. त्याआधी आईनं डॉक्टर ठरवलाय. वीस मिनिटांचं काम, तीन टाके, जन्माची घडी. डॉक्टर विचारतो, डोळा कसला हवा, फोटो आणा. बाकीच्या मुली नटीचा फोटो नेतात. "आणि हिला तुझा पाहिजे," माहीन म्हणाली. "शी वॉन्ट्स युवर आइज, दादी. गुरुवारी कॅमेरा घेऊन येईल. तू हो म्हणालीस तर."

"माझे?" एवढंच मुनिराबी बोलली, आणि त्यानंतर दोन दिवस त्या घरात तिचा आवाज आला नाही. आदिलला वाटलं, आईला बरं नाही.

बरं नव्हतंच. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कोणी अंगावरचा दागिना नव्हे, अंगच मागत होतं, आणि तेही नेमकं ते, जे तिनं आयुष्यभर झाकून ठेवलेलं. मुनिराबीचे डोळे मोठे होते. मोठे म्हणजे देखण्या बाईचे असतात तसले नव्हेत, बाहेर आलेले, जड पापण्यांचे, घडीवर घडी पडलेले. लहानपणी आळीतली पोरं तिला घुबड म्हणायची. आई म्हणायची, डोळे खाली ठेव, पोरी, तेवढं केलंस तर कोणाच्या ध्यानात यायचं नाही. खाडीपलीकडून बायका तिला बघायला आल्या तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिनं सरबताचा पेला पुढं केला, आईनं सांगितल्यासारखी पापणी पाडून. पण एका म्हातारीनं तिच्या हनुवटीखाली बोट घातलं आणि तोंड वर केलं, आणि मुनिराबीनं तिच्याकडं बघितलं. म्हातारी दुसरीला म्हणाली, "पोर कामाला बरी आहे, पण ही बघते की गिळते?" बायका हसल्या. सरबत प्यायल्या आणि होडीत बसून गेल्या. त्या होडीच्या वल्ह्याचा आवाज मुनिराबीला अजून येतो. मंगाफच्या ह्या तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत, दोन इमारतींच्या फटीतून दिसणाऱ्या हातभर समुद्राकडं बघताना, मधूनच. तेव्हापासून ती पापण्या पाडून बोलायला लागली. लोकांना वाटलं, काय तोरा आहे बाईला, समोरच्याकडं बघतसुद्धा नाही. मुनिराबीनं तो तोरा घेतला. फुकट मिळालेली वस्तू कोण टाकतो? तिसरीतून शाळा सुटलेल्या, बापानं कर्ज काढून उजवलेल्या बाईला आळीत मान कशानं मिळाली असती? ती पापणी पाडून एक वाक्य बोलायची आणि समोरची बाई घरी जाऊन रडायची.

नवरा नूरुद्दीन. इथल्याच शुवैखच्या बंदरावर मालाच्या बोटी उतरवायला होता, दोन वर्षांतून दोन महिने घरी. त्यानं तिच्या डोळ्यांबद्दल कधी चांगलं म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही. तो काय म्हणायचा तेही आता तिला नीट आठवत नाही. आठवतो तो त्याच्या बुशशर्टाचा डिझेलचा वास आणि जेवताना वाटी सरकवायची पद्धत. एका खेपेला मात्र त्यानं ट्रंकेतून एक डबी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. आत काळा गॉगल. खाडीकाठच्या गावात, चुलीपुढं बसणाऱ्या बाईला गॉगल! ती हसली नाही. तिला वाटलं, ह्यालासुद्धा माझे डोळे झाकलेले हवेत. तिनं डबी माळ्यावर टाकली आणि त्या सुट्टीत त्याच्याशी धड बोलली नाही. तो गेला अठ्ठ्याऐंशी साली. पुढं तीन-चार वर्षांनी ती इथं आली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात, दुपारच्या उन्हानं रस्ता पांढरा फटक पडलेला असताना, तिनं बघितलं की इथं भाजीवाल्यापासून शेखापर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांवर तो असतो. मग वाटलं, त्याला ह्या उन्हात तिची आठवण आली असेल. का नसेलही. विचारायला माणूस नाही. हा काटा तिनं कोणाला दाखवला नव्हता, कारण काढला तर आत काय निघेल ह्याची तिलाच खात्री नव्हती. आणि आता ही पोर म्हणते, मला तसले डोळे हवेत, जगातल्या सगळ्या नट्या सोडून तुझे. दोन दिवस मुनिराबी बाथरूमची कडी लावून आरशापुढं उभी राहिली. पापणी वर, पापणी खाली. घडी कुठं पडते ते तिनंही पहिल्यांदाच बघितलं.

इथं गुरुवारी सुट्टी. सकाळीच तिनं ठेवणीतली जांभळी साडी काढली, सुरमेदाणी काढली, आणि माहीनला म्हणाली, "सळई फिरव गो माझ्या डोळ्यांत, हात कापतो माझा." माहीन समोर बसली. कपाळावरून केसांची झुलपं डोळ्यांवर आलेली. मे महिन्यापासून पोरीनं हे खूळ घेतलं होतं. आंधळ्या मेंढीसारखी चालायची, दाराला आपटायची. "आधी तुझी ती झालर वर कर. तुला दिसत नाय तर मला काय सुरमा घालणार?" माहीननं झालर वर केली नाही. सळई फिरवता फिरवता हळूच म्हणाली, मराठीत म्हणाली, "दादी, मला वर्गात काय म्हणतात माहितेय? आउल." आउल म्हणजे काय हे मुनिराबीनं विचारलं नाही. एवढं इंग्रजी तिला चौदा वर्षांत कळायला लागलं होतं, आणि हे एक पाखरू तर तिला कुठल्याही भाषेत कळलं असतं. डोळ्यांत सुरमा झोंबला असं तिनं दाखवलं.

तेवढ्यात नूरी चहा घेऊन आली आणि सासूकडं बघून तिचे पाय दारातच थांबले. "अम्मी, खरंच देणार फोटो? त्या पोरीला कापायचंय त्यावर बघून." मुनिराबी फणकारली, "माहीन बोलली ना, वीस मिनिटांचं काम? आईबापांचं ते बघतील. आणि हे पोरीचं तोंड आईनं दुरुस्त करायचं कसलं? काय घर आहे का, भिंत पाडून खिडकी मोठी करायला?" नूरीनं चहा ठेवला. "तुम्ही नाही का केलं दुरुस्त? माझी माहीन चार दिवसांची होती, अम्मी." एवढं बोलून ती आत गेली. चौदा वर्षं गिळून ठेवलेलं वाक्य, आणि आवाज चढवलासुद्धा नाही.

मुनिराबीनं माहीनच्या नाकाकडं बघितलं. हे नाक म्हणजे तिचा अभिमान. पाहुणा आला की ती माहीनला पुढं ओढायची, "बघा, जन्मली तेव्हा भज्यासारखं होतं, माझ्या बोटांनी धारेवर आणलं." खोटं नव्हतं ते. आखाती लढाई संपून आदिल परत कामावर आला, त्याच वर्षी माहीन झाली आणि मुनिराबी बाळंतपणाला म्हणून आली ती राहिलीच. रोज सकाळी पाय पसरून ती पोरीला नडग्यांवर घ्यायची, कोमट खोबरेल लावायची, डोकं दोन्ही तळव्यांत घेऊन गोल फिरवायची, आणि मग अंगठा नि बोट नाकाच्या दांड्यावर ठेवून वरून खाली ओढायची. एकदा, दोनदा, वीसदा. पोर कळवळून रडायची, नूरी भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. मुनिराबीला तेव्हा ते रडणं ऐकूच यायचं नाही. प्रेमानं हात इतके भरलेले असायचे की कानांत जागा नव्हती. आज ऐकू आलं. चार दिवसांच्या जिवाला, ज्यानं अजून धड उजेड बघितला नव्हता, तिनं आपल्या बोटांनी काय सांगितलं होतं? आलीस ती बरी आलीस, पण अशी नाही चालणार.

दुपारची अजान झाली आणि हेरिम आली. वाकली. हातात चंदेरी कॅमेरा आणि प्लास्टिकची एक छोटी काडी, टोकाला दोन फाटे फुटलेली. खिडकीपाशी तिनं मुनिराबीला बसवलं आणि समोर गुडघ्यांवर बसली, इतकी जवळ की तिच्या श्वासाला स्ट्रॉबेरीच्या च्युइंगमचा वास येत होता. "क्लोज, दादी." मुनिराबीनं डोळे मिटले. "ओपन. हाफ." शिंप्यानं माप घ्यावं तशी पोर हुकूम सोडत होती, आणि जिच्यापुढं आदिलची हिंमत होत नव्हती ती मुनिराबी मुकाट्यानं पापणी वर-खाली करत होती. मग त्या काडीचा थंड फाटा तिच्या पापणीला टेकला. घडी कुठून सुरू होते ते बघायला पोरीनं अगदी हलकं दाबलं, नि दुसऱ्या हाताचं बोट गालावर टेकवलं. मुनिराबीच्या तोंडाला कोणी हात लावून किती वर्षं झाली होती? कपाळापासून गळ्यापर्यंत तिला काहीतरी उतरत गेल्यासारखं झालं, तेल उतरतं तसं. तिला वाटलं, पोरीनं हात काढूच नये. हा हात चाचपत होता खरा, पण तिला हवं म्हणून चाचपत होता. हनुवटीखाली घातलेलं ते बोट नव्हतं हे. "ब्युटिफुल," पोर पुटपुटली, आणि कॅमेऱ्याचा आवाज झाला. एक. दोन. तीन. मुनिराबीनं पापणी पाडली नाही. सरळ बघितलं, गिळते तर गिळते.

आणि सरळ बघितलं म्हणून दिसलं. कॅमेऱ्यामागचा डोळा लाल होता. पट्टीच्या कडेनं पापणी सोलवटली होती, डिंकाखाली बारीक फोड आले होते, पाणी गळत होतं, आणि पोर ते खांद्याला पुसत फोटो काढत होती. "माहीन, खोबरेल आण," मुनिराबी म्हणाली. "दादी, तिला नाही आवडणार, तिनं कोणाला दाखवलेलं नाही." "मी विचारलं नाय, आण म्हटलं." बोलली आणि थबकली. मग तिनं बोटावर तेल घेतलं, हेरिमच्या डोळ्यांपुढं धरलं आणि मान हलवून विचारलं, लावू? आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा तिनं कोणाला असं विचारलं असेल. पोरीनं कॅमेरा खाली ठेवला आणि डोळे मिटून तोंड पुढं केलं.

पट्टी सुटायला वेळ लागला. तेलानं डिंक मऊ झाला, एक खवलं निघालं, मग दुसरं. मुनिराबीनं ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, आणि हेरिमनं डोळे उघडले. सपाट पापण्या, लांब बारीक फटी, कडेनं जराशा वर गेलेल्या. हे तोंड मुनिराबीनं बघितलं होतं. कुठं? तेलाचं बोट तसंच हवेत राहिलं. मग आठवलं. गेल्या थंडीत हिची आजी महिनाभर इथं आली होती. तिकडच्या कुठल्या गावची शेतकरीण, केस आखूड कुरळे, हात मुनिराबीच्याच हातांसारखे खरबरीत. दुपारी खाली येऊन जमिनीवर बसायची. भाषा नाही, दुभाषी नाही, दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि काही अडायचं नाही. एकदा मुनिराबी शेजारच्या बाळासाठी राईची उशी शिवत होती, बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून. म्हातारीनं ती उशी उचलली, कानाशी नेऊन हलवली, दाण्यांचा आवाज ऐकला आणि मांडीवर थाप मारून हसली. खुणेनं सांगितलं, आमच्याकडंही, असलीच, बारीक दाण्यांची. आणि हेरिमला दंडाला धरून गरकन वळवलं, केस वर केले, डोक्याची मागची बाजू मुनिराबीला दाखवली. बघ, काय गोल आहे, माझ्या हातचं. मुनिराबी काय मागं राहते? तिनं माहीनचं नाक पुढं केलं. दोघी म्हाताऱ्या मासळीबाजारात टोपल्या मांडून बसल्यासारख्या आपापला माल दाखवत होत्या, आणि दोन पोरी शरमेनं लाल झाल्या होत्या. हसताना त्या म्हातारीचे डोळे मिटूनच जायचे, दोन रेघा उरायच्या. ह्याच रेघा. तेव्हा हेरिमच्या तोंडावर पट्ट्या होत्या, म्हणून कोणाला ओळखता आलं नव्हतं.

"हिला विचार," मुनिराबी माहीनला म्हणाली, "हिच्या घरात हिच्यासारखं कोण दिसतं?" माहीननं विचारलं. हेरिम कार्पेटकडं बघून काहीतरी बोलली. "कोणी नाही म्हणते. आईनं आपल्या डोळ्यांचं लग्नाआधीच करून घेतलंय. आईचे जुने फोटोपण नाहीत, फाडले." "आजी?" हेरिमनं मान वर केली. तेलानं चमकणारं, उघडं, घाबरलेलं तोंड. आजीचं नाव निघाल्यावर ती इतकी वेड्यासारखी बघायला लागली की माहीननं केसांची झालर कानामागं सारली आणि मैत्रिणीकडं नीट निरखून बघितलं.

आमच्याकडं मूल जन्मलं की आधी बायका जमतात आणि ठरवतात, कोणावर गेलं. तोपर्यंत ते मूल कोणाचंच नसतं. ह्या पोरीचं ते राहून गेलं होतं, असं मुनिराबीला वाटलं. ती सरसावून बसली. डॉक्टर, वर्ग, त्या पन्नास जणी, हिची आई, ह्यांतलं काही आपल्या हातात नाही हे तिला कळत होतं. पोर ऑगस्टात विमानात बसेल आणि मग कोण विचारतो म्हातारीला. पण न्याय द्यायचा तर समोरच्याला तोंडावर द्यावा. तिनं माहीनचा हात धरला.

"एकेक शब्द सांग हिला, तुझ्या मनचं घालू नको. आणि तू पण ऐक." मग पापण्या पुऱ्या उघडून ती हेरिमकडं वळली. "फोटो काढलास तो मला दे, भिंतीवर लावते. डॉक्टरला नाय मिळायचा. मी खोटं बोलणार नाय पोरी, तू काय मोठी देखणी नाहीस. मी पण नव्हते. पण तू आजीवर गेलीस, सगळीच्या सगळी, आणि हे तुला कोणी सांगितलं नाय ही तुझ्या घरच्यांची चूक. तिकडं गेलीस की आधी गावी जा. हे असं धुतलेलं तोंड घेऊन त्या म्हातारीच्या पुढ्यात बस, आणि तिच्या डोळ्यांत बघून सांग, आजी, हे तुझं मला नको. सांगता आलं तुला, तर जा, खुशाल कापून घे."